अर्धवट राहिलेल्या एका पुस्तकासाठी

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकमधून पुण्याला शिकायला आलेला एखादा मित्र तुमच्या हॉस्टेलवर असेल, तर त्याला गावच्या राखेबद्दल विचारा. तो हसून सांगेल, की कुकडीच्या काठी पांढुरक्या मातीचा एक थर आहे आणि तो बघायला लांबून शास्त्रज्ञ येतात. ही माती म्हणजे ज्वालामुखीची राख. आपल्या सह्याद्रीतली नव्हे, पार इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. हजारो वर्षांपूर्वी ती वाऱ्यावर उडत आली आणि कुकडीच्या काठावर बसली. याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. गावकऱ्यांनी ही माती पिढ्यान् पिढ्या पाहिली होती. पण ती काय आहे हे कळलं कधी? तिचं रासायनिक विश्लेषण करून ते समुद्रापलीकडच्या राखेशी ताडून पाहिलं तेव्हा.

आता तिथूनच गाडी काढा आणि जुन्नर ओलांडून लेण्याद्रीला जा. गिरिजात्मजाच्या दर्शनाला तुम्ही पायऱ्या चढून गेलाच असाल. तो गणपती ज्या लेण्यात बसलाय ते मुळात बौद्ध भिक्षूंचं राहण्याचं ठिकाण. शेजारी चैत्यगृह आहे. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत अशी लेणी शेकड्यांनी आहेत. भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत यवन म्हणजे परदेशी दातेही आहेत. पण या भिक्षूंचे ग्रंथ कुठे गेले? महाराष्ट्रात ते उरलेच नव्हते. ते जपले गेले श्रीलंकेत, ब्रह्मदेशात, सयाममध्ये. तिथल्या लिप्यांत, तिथल्या विहारांत. म्हणजे आपल्या डोंगरात कोरलेला विचार समजून घ्यायचा, तर समुद्र ओलांडायला हवा होता.

तो एका माणसाने ओलांडला. त्यांचं नाव धर्मानंद कोसंबी.

हे नाव इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ओझरतं वाचलं असेल. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबींचे वडील, अशीही त्यांची ओळख असते. पण आज त्यांची गोष्ट सांगायचं कारण वेगळं आहे. तुमच्यातले बरेच जण सध्या एकच प्रश्न घेऊन फिरतायत. इथे थांबायचं की बाहेर जायचं? हातातली जागा धरून ठेवायची की नव्या विद्यापीठाचं बोलावणं घ्यायचं? धर्मानंदांसमोर हा प्रश्न आयुष्यात एकदा नाही, अनेकदा आला. त्यातला सर्वांत मोठा प्रसंग १९१८ सालचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातली सहा वर्षांची प्राध्यापकी सोडून ते अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात गेले. का गेले, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

डिग्री नाही, पण ध्यास आहे

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. पोर्तुगीज राजवट, नारळाची बागायत, बेताचं शिक्षण. शाळा जवळजवळ नावालाच. लहान वयात बाळाबाईंशी लग्न झालं. बागेची देखभाल करायची, घर चालवायचं, एवढंच आयुष्य पुढे दिसत होतं. त्यात हाती आलेल्या मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाच्या चरित्रावरचा लेख त्यांनी वाचला. लेख छोटा होता, पण त्यांच्या डोक्यातून गेला नाही. बुद्ध नीट समजून घ्यायचा, तोही मूळ ग्रंथांतून, असं त्यांनी ठरवून टाकलं.

१८९९ च्या अखेरीला ते घराबाहेर पडले. मागे तरुण बायको आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी, माणिक. इथे आपण जरा थांबू या. थोरामोठ्यांच्या चरित्रात अशी वाक्यं आपण पटकन वाचून पुढे सरकतो. पण त्या घरातून बघा. नवरा कुठे जातोय, कधी येणार, येणार की नाही, काहीच माहीत नाही. पदरात तान्हं मूल. धर्मानंदांच्या ज्ञानाची किंमत पहिल्यांदा बाळाबाईंनी मोजली आणि पुढेही बराच काळ त्याच मोजत राहिल्या. हे विसरून या गोष्टीचं कौतुक करता येणार नाही.

धर्मानंद आधी पुण्यात आले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला आणि संस्कृतची सुरुवात झाली. तिथून ते काशीला गेले. अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे शिकायचं, असे दिवस काढले. मग बौद्ध धर्म नेपाळात अजून जिवंत आहे असं ऐकून पायी नेपाळ गाठलं. तिथे निराशा झाली. बुद्धगयेला आले. खरा अभ्यास करायचा तर सिंहलद्वीपाला जावं लागेल हे कळलं आणि १९०२ मध्ये ते श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे त्यांनी पाली शिकायला घेतली. चीवर घातलं. ग्रंथ सिंहली लिपीत, म्हणून आधी लिपीच शिकली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन राहिले, ध्यानाचा अभ्यास केला.

आजच्या भाषेत सांगायचं तर या माणसाकडे नेट नव्हती, सेट नव्हती, पीएचडी तर सोडाच, साधी बी. ए. सुद्धा नव्हती. पण १९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्यात स्थिरावले, तेव्हा पाली इतकी मुळातून जाणणारी माणसं भारतात फार थोडी होती. आधी तिथलं नॅशनल कॉलेज आणि मग कलकत्ता विद्यापीठ, दोन्हीकडे त्यांनी पाली शिकवली.

पहिली सोडलेली जागा

कलकत्त्यात सगळं मनासारखं होतं. मान होता, पगार होता, ग्रंथालयं होती. बोच एकाच गोष्टीची होती. हे सगळं ज्ञान आपल्या मराठी माणसांपर्यंत कधी पोहोचणार? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना एक देऊ केलं. महिना ५० रुपये, तीन वर्षं. महाराष्ट्रात कुठेही राहा आणि मराठीत ग्रंथ लिहा. कलकत्त्यात मिळणाऱ्या पैशांपुढे ही रक्कम कितीतरी कमी होती. धर्मानंदांनी ती घेतली आणि कलकत्ता सोडलं.

हा व्यवहार नीट बघा, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांची किल्ली त्यात आहे. ते जागेची तुलना जागेशी करत नव्हते. माझ्या हातून व्हायला हवं असलेलं काम कुठे होईल, एवढंच ते बघत होते. त्या कामासाठी कमी पगाराकडे जावं लागलं तर कमी पगाराकडे, आणि अमेरिकेला जावं लागलं तर अमेरिकेला.

हार्वर्डला त्यांची गरज का पडली?

त्याच सुमाराला हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले होते. त्यांना पाली मुळातून जाणणारा माणूस हवा होता, आणि त्यामागे एक गोष्ट होती.

हेन्री क्लार्क वॉरन नावाचे एक अमेरिकी विद्वान ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती तयार करत होते. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी श्रीलंकेत लिहिलेला हा ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन टप्प्यांनी मनाची शुद्धी कशी होते, याचं त्यात सविस्तर विवेचन आहे. संशोधित आवृत्ती म्हणजे काय? तर वेगवेगळ्या हस्तलिखितांत एकच वाक्य वेगवेगळं सापडतं. नक्कल करणाऱ्याच्या हातून अक्षर सुटतं, शब्द बदलतो. ब्रह्मदेशातली पोथी एक सांगते, सिंहली पोथी दुसरं. शब्दाशब्दाला त्या ताडून पाहायच्या आणि मूळ पाठ कोणता असेल ते ठरवायचं. काम किचकट, डोळे फोडणारं आणि बाहेरून अजिबात न दिसणारं.

वॉरन १८९९ मध्ये वारले आणि काम अर्धवट राहिलं. योगायोग बघा. ज्या वर्षी अमेरिकेत हे हस्तलिखित पोरकं झालं, त्याच वर्षी गोव्यातून एक तरुण पाली ग्रंथांच्या शोधात घराबाहेर पडला होता. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं.

वॉरन यांचे सहकारी चार्ल्स लॅनमन यांच्यासोबत ते काम पुरं करण्यासाठी धर्मानंद १९१० मध्ये पहिल्यांदा हार्वर्डला गेले. विहारात बसून, भिक्षूंच्या तोंडून ऐकत शिकलेली पाली तिथे उपयोगी पडली. पण ग्रंथावर नाव कुणाचं, श्रेय कुणाला, यावरून लॅनमन यांच्याशी त्यांचं पटेना. काम संपण्याआधीच १९१२ मध्ये ते परत आले. तुमच्यातल्या ज्यांनी ग्रुप प्रोजेक्ट केलाय, त्यांना हे दुखणं नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी हार्वर्डमध्येही ते होतंच.

फर्ग्युसनची सहा वर्षं

मुंबई विद्यापीठात पालीच्या अभ्यासाची सोय व्हावी यासाठी भांडारकरांनी पुढाकार घेतला होता. विषय तर आला, पण शिकवणार कोण? १९१२ मध्ये धर्मानंद फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले.

इथे त्यांचा जम बसला. कुठल्याही एका जागी ते इतके दिवस पूर्वी राहिले नव्हते आणि पुढेही राहिले नाहीत. आता कुटुंब सोबत होतं. १९०७ मध्ये जन्मलेला मुलगा दामोदर पुण्याच्या शाळेत जाऊ लागला. धर्मानंदांची मराठी पुस्तकं येत होती. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ आधीच आलं होतं, आता ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आलं. सोपी, सरळ मराठी. पांडित्याचा कुठे आव नाही. घरी बसून बुद्ध वाचता यावा, ही तरुणपणची स्वतःची अडचण त्यांनी पुढच्या पिढीसाठी सोडवून ठेवली.

आणि विद्यार्थी तयार होत होते. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे त्यांतलं एक नाव. पुढे स्वतः पालीचे मोठे अभ्यासक झालेले बापट फर्ग्युसनमध्ये धर्मानंदांकडे शिकले. नंतर तेही हार्वर्डला गेले, तिथली डॉक्टरेट घेतली आणि पुण्यात परतून शिकवत राहिले. दोन हजार वर्षं जुन्नरच्या डोंगरांत ज्या विचाराची लेणी उभी होती, त्याचे मूळ ग्रंथ वाचू शकणारी मुलं आता तिथून जवळच, पुण्याच्या वर्गात बसत होती.

मग असं सगळं जमून आलेलं असताना उठून जायचं कशाला?

१९१८

हार्वर्डहून पुन्हा बोलावणं आलं. ‘विसुद्धिमग्ग’ अजून तसाच पडून होता. धर्मानंदांशिवाय त्याला पुढे सरकवणारं कुणी नव्हतं.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतंत? एका पारड्यात पुण्यातली प्राध्यापकी, ओळखीची माणसं, मराठी वाचक. दुसऱ्या पारड्यात परका देश, कडाक्याची थंडी, आणि ज्या कामावरून एकदा मन खट्टू झालेलं, तेच काम. वय ४१. आजही या वयात माणसं जागा सोडताना दहादा विचार करतात.

धर्मानंदांनी जागा सोडली. पुण्यातला पालीचा वर्ग आता आपल्यावाचून अडणार नाही, एवढी तयारी झाली होती. पुढे नेणारे विद्यार्थी होते. हार्वर्डमधलं पुस्तक मात्र त्यांच्यावाचून अडलं होतं. मला तरी या निर्णयाचा अर्थ असा दिसतो. आणि मागच्या वेळेपेक्षा या खेपेला एक मोठा फरक होता. १९ वर्षांची माणिक आणि ११ वर्षांचा दामोदर या दोघांना त्यांनी सोबत नेलं. १८९९ मध्ये तान्ह्या माणिकला टाकून निघालेला बाप आता तिलाच शिकायला घेऊन निघाला होता. माणिक हार्वर्डच्या शेजारच्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजातून पदवीधर झाल्या. त्या काळात भारतात किती मुलींना हे मिळत होतं, याचा विचार करा.

पण बाळाबाई? त्या आणि धाकट्या मुली मागेच राहिल्या. पुन्हा वाट पाहणं त्यांच्याच वाट्याला आलं. धर्मानंदांच्या प्रवासाचा नकाशा काढलात तर बाळाबाईंची जागा बहुतेक वेळा निरोप देणाऱ्याची दिसेल. जाणाऱ्याचं चरित्र लिहिलं जातं, मागे राहणाऱ्याचं क्वचितच.

परत येणं हाही निर्णय असतो

चार वर्षांनी, १९२२ मध्ये, धर्मानंद परतले. हार्वर्डचा अनुभव पाठीशी असलेल्या माणसाला बऱ्या पगाराची जागा शोधता आली असती. ते गेले अहमदाबादला, गांधीजींनी सुरू केलेल्या गुजरात विद्यापीठात. सरकारी मान्यता नसलेली, देशासाठी चालवलेली संस्था. तिथे त्यांनी पाली शिकवली, लिहिलं. १९२६ मध्ये पुन्हा हार्वर्ड. १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला बौद्ध विद्येच्या अभ्यासासाठी बोलावणं आलं, तिथेही गेले. अमेरिकेत असतानाच समाजवादाबद्दल त्यांना ओढ वाटू लागली होती, रशियात ते जग जवळून पाहिलं. तिथल्या हवेत तब्येत टिकेना, म्हणून परतले, ते थेट १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. सुटल्यावर १९३१ मध्ये चौथ्यांदा हार्वर्ड.

ही यादी वाचताना गरगरायला होतं ना? विमानं नव्हती. प्रत्येक खेप म्हणजे बोटीवरचे कित्येक आठवडे. आणि दर खेपेला ते परत आले. हार्वर्डमध्ये कायमचं राहायचा त्यांनी हट्ट धरला नाही. तिथलं काम तिथे करायचं, इथलं इथे. परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत १९३७ च्या सुमाराला त्यांनी ‘बहुजन विहार’ उभा केला. ज्याच्या ज्ञानासाठी हार्वर्ड समुद्रापलीकडून बोलावणं पाठवत होतं, तो माणूस परळच्या चाळींतल्या लोकांना बुद्ध समजावून सांगत होता. त्यांचं ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक मराठीतून पुढे अनेक भारतीय भाषांत गेलं. आजही ते दुकानात मागितलंत तर मिळेल.

आणि ‘विसुद्धिमग्ग’? त्याची देवनागरी आवृत्ती धर्मानंदांनी स्वतः सिद्ध केली. ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. ज्या ग्रंथासाठी त्यांना आधी सिंहली अक्षरं गिरवावी लागली होती, तो आता तुमच्या-आमच्या अक्षरांत आला. हार्वर्डची आवृत्ती मात्र रेंगाळत राहिली. ती छापून आली १९५० मध्ये. मुखपृष्ठावर वॉरन यांच्यासोबत धर्मानंदांचं नाव होतं. पण ते बघायला धर्मानंद नव्हते. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी देह ठेवला. शरीर थकलं, आता आपल्या हातून काम होणार नाही, असं वाटल्यावर त्यांनी हळूहळू अन्न सोडलं होतं. त्यांच्या स्मरणार्थ काय करावं? गांधीजींनी सुचवलं, की विद्यार्थ्यांना पाली शिकायला श्रीलंकेला पाठवावं. पुतळा नको, रस्त्याला नाव नको. पुढच्या मुलांसाठी बोटीचं तिकीट.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी

गोष्ट इथे संपत नाही. १९१८ मध्ये अकरा वर्षांचा जो मुलगा वडिलांचा हात धरून अमेरिकेला गेला, तो दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. गणितात नाव काढलं. काही वर्षांनी त्याने फर्ग्युसनमध्येच गणित शिकवलं, जिथून वडील निघाले होते तिथेच. आणि मग पायात बूट घालून हे गणिताचे प्राध्यापक पुण्याच्या भोवतालचे डोंगर तुडवू लागले. कार्ले, जुन्नर, नाणेघाट. व्यापाऱ्यांचे तांडे कुठून जात, लेणी नेमकी त्या वाटांवरच का खोदली, दान देणारे कोण होते. पुस्तकातला इतिहास त्यांनी पायवाटांवर तपासून पाहिला. वडिलांनी ज्या भिक्षूंचे ग्रंथ समुद्रापलीकडून आणले, त्यांच्याच राहत्या घरांपाशी मुलगा येऊन उभा राहिला.

म्हणून पुढच्या वेळी लेण्याद्रीला गेलात, तर दर्शन झाल्यावर लगेच खाली उतरू नका. शेजारच्या चैत्यगृहात पाच मिनिटं बसा. आणि तुमच्याकडे परदेशी विद्यापीठाचं पत्र आलं असेल, किंवा यावं असं वाटत असेल, तर धर्मानंदांच्या आयुष्यातून तीन प्रश्न उचला. तिथे असं कोणतं काम आहे, जे तुमच्यावाचून अडलंय किंवा जे इथे होऊच शकत नाही? तुम्ही निघाल्यावर इथलं काम पुढे नेणारं कुणी तयार केलंत का? आणि तुमच्या जाण्याची किंमत घरातलं कोण मोजणार आहे, त्या माणसाशी तुम्ही बोललात का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं धर्मानंदांकडे पक्की होती. तिसऱ्याचं उत्तर त्यांना नीट देता आलं नाही. ते तुम्हाला द्यायचं आहे. आज रात्री घरी फोन लावा, सुरुवात तिथूनच होईल.